बहिणींची मते, भावांची खाती

‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बहिणींच्या मतांवर सत्तेत परतलेल्या महायुतीने डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या ४२ जणांच्या मंत्रिमंडळात अवघ्या चार महिला घ्याव्यात, हे आम्हाला मान्य नाही. त्याआधीच्या महायुती सरकारच्या ऑगस्ट २०२२ मधील विस्तारात १८ मंत्र्यांत एकही महिला नव्हती. त्या मानाने ही प्रगतीच म्हणायची!

संख्येपेक्षा खाती बोलकी आहेत. २१ डिसेंबर २०२४ च्या वाटपात गृह, अर्थ, महसूल, नगरविकास ही सगळी वजनदार खाती पुरुष मंत्र्यांकडे गेली. चौघींपैकी दोघी तर राज्यमंत्रीच. मंत्रिमंडळाच्या नेहमीच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते. मुख्यमंत्री अंतुले यांच्या मंत्रिमंडळात शालिनीताई पाटील महसूलमंत्री होत्या. चार दशकांनंतर पाऊल मागे का?

विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के या घटनेतील मर्यादेनुसार तेव्हा ४३वी जागा रिकामी होती. ती महिला आमदारालाच, कॅबिनेट दर्जासह आणि वजनदार खाते देऊन भरायला हवी होती.