बंद, डुलकी की रात्रभर जागरण?

शीर्षक वाचून कुणाला वाटेल, हा तर विज्ञान शाखेचा प्रांत. कला शाखेच्या मुलीने त्यात का डोके घालावे? पण संगणक आज कोणत्याही एका शाखेचा राहिलेला नाही. मराठीचा निबंध, इतिहासाचे टिपण, पर्यावरणाचा प्रकल्प, सारे त्याच्यावरच तयार होते. आणि रोज हाताळायची वस्तू काम झाल्यावर कशी ठेवावी, हा प्रश्न विज्ञानाचा जितका आहे, तितकाच वागणुकीचाही आहे.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सायंकाळी पाचच्या सुमारास प्रकल्पाची पाने छापून घ्यायला मी संगणक कक्षात गेले. आत एकही विद्यार्थी नव्हता. वीसच्या वीस संगणक मात्र सुरू होते. परिचर काका कुलूप हातात घेऊन उभे होते. मी विचारले, "काका, हे बंद नाही करायचे का?" ते म्हणाले, "राहू दे बेटा. बंद-चालू केल्याने मशीन लवकर जाते. वरून तसेच सांगितले आहे." हे 'वरून' म्हणजे नेमके कुठून, ते त्यांनाही ठाऊक नसावे. कुलूप लागले आणि आत वीस पंखे फिरत राहिले.

मी तिरोडा तालुक्यातल्या गावाहून रोज गाडीने ये-जा करते. त्या दिवशी घरी पोचले तेव्हा बाबा जेवून लवकरच आडवे झाले होते. आमच्या शिवारात त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. उन्हाळी धान ओंबीवर आलेले. या वेळी बांधीत पाणी नसले तर लोंबीत दाणा भरत नाही. "लाईन आली का मले उठवजो," एवढे सांगून ते झोपी गेले. लाईन आली रात्री एकच्या पुढे. बाबा एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन अंधारात निघाले. एप्रिलच्या उकाड्यात साप पाण्याच्या कडेलाच येतो, हे घरात सर्वांना माहीत असते. म्हणून ते परत येईपर्यंत आई झोपत नाही. मीही झोपले नाही.

आमच्या शेतातून तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे तांबडे दिवे दिसतात. तेथे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. २०१२ ते २०१४ या काळात ते एकामागून एक सुरू झाले. एकूण क्षमता ३३०० मेगावॅट. कोळसा बाहेरून येतो, पाणी आपल्या वैनगंगेचे. त्या दिव्यांकडे पाहताना मला एकदम संगणक कक्ष आठवला. या क्षणी बाबा जागे आहेत आणि ते वीस संगणकही जागे आहेत. बाबा कशासाठी जागे आहेत, ते मला ठाऊक होते. संगणक कशासाठी?

दुसऱ्या दिवशी मी वहीत हिशेब मांडला. काही काम न करता नुसता सुरू असलेला टेबलावरचा संगणक साधारण ५० वॅट वीज खातो. असे वीस म्हणजे १००० वॅट, अर्थात ताशी एक युनिट. सायंकाळी पाच ते सकाळी आठ, हे पंधरा तास; म्हणजे पंधरा युनिटे. आमची मोटार पाच अश्वशक्तीची, तिला ताशी पावणेचार युनिटांच्या आसपास वीज लागते. याचा अर्थ असा की, रिकाम्या खोलीत एका रात्रीत जी वीज गेली, तेवढ्या विजेवर बाबांची मोटार चार तास चालली असती! एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो असे धरले, तर रोज रात्री आठ-दहा किलो कोळसा कुणाच्याही उपयोगी न पडता धूर होऊन जात होता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. आपण संगणक बंद केल्याने ती वीज आपसूक आमच्या बांधीत येणार नाही. वीज राज्याच्या एका मोठ्या जाळ्यात जाते आणि शेतीला ती केव्हा द्यायची, याचे वेळापत्रक दुसरीकडे ठरते. तरीसुद्धा एकीकडे माणूस विजेसाठी रात्र जागवतो आणि दुसरीकडे तीच वीज कुणाला नको असताना खर्ची पडते, हे मनाला पटत नाही.

मग 'बंद केल्याने मशीन जाते' ही समजूत आली कोठून? तिला एके काळी खरोखरच आधार होता. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या संगणकात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. विजेच्या दिव्याप्रमाणे या नळ्या तापताना आणि निवतानाच अधिक फुटत. म्हणून तो संगणक होईल तोवर बंद करीत नसत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ज्याचे नाव ठेवले तो 'टिफ्रॅक'ही अशाच नळ्यांचा होता. नळ्या गेल्या, त्यांना साठ वर्षे होत आली. समजूत मात्र राहिली. आजचे यंत्र दिवसातून एकदा-दोनदा बंद केल्याने बिघडत नाही. उलट पंखा रात्रंदिवस फिरत राहिला की आतली धूळ वाढते; आणि आपल्या गोंदियासारख्या राईस मिलांच्या गावात धुळीला काय तोटा?

बंद आणि चालू यांच्यामध्ये एक तिसरी अवस्था आहे. तिला 'स्लीप' म्हणतात. मी तिला डुलकी म्हणते. माझी आजी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवी आणि सकाळी फुंकर घालून जाळ करी. स्लीपमध्ये संगणक नेमके हेच करतो. पडदा, चकती, पंखा सारे निवते. फक्त तात्पुरत्या स्मृतीला थोडी धग मिळत राहते. खर्च दोन-तीन वॅट. वीसच्या वीस संगणक रात्रभर डुलकीत ठेवले तरी एक युनिटसुद्धा जळणार नाही. मग डुलकीच का नको?

याचे उत्तर मला ठेच लागून मिळाले. त्याच प्रकल्पाची चौदा पाने टंकित करून, ती न साठवताच, मी संगणक डुलकीत घातला आणि डबा खायला गेले. अवकाळीचे ढग आले, एक वीज कडाडली आणि लाईन गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाचीच निकामी झालेली. परत येऊन बघते तो चौदा पानांतले एक अक्षर उरलेले नाही! राखेवर पाणी पडले की निखारा विझतो. वीज गेली की डुलकीतली स्मृतीही जाते. 'हायबरनेट' नावाची सोय तीच स्मृती चकतीवर उतरवून मग यंत्र थांबवते, तिला हा धोका नाही. पण ती बहुतेकांना माहीत नसते. आणि काम वेळच्या वेळी साठवावे, हा पहिला धडा मला तरी कुठे पाळता आला होता?

दुसऱ्या टोकाला, सतत सुरू ठेवणेही निर्धोक नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे इराकी क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासावर कोसळले आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. ते अडवण्यासाठी उभारलेली 'पेट्रियट' यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड सुरू होती. वेळ मोजताना होणारी अतिसूक्ष्म चूक साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली होती. यंत्रणा मधूनमधून बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर ती चूक पुसली गेली असती. आपल्या संगणकावर कुणाचे प्राण अवलंबून नाहीत. पण आठवडाभर न थांबलेला संगणक अडखळू लागतो, त्याचे एक कारण साठत जाणारा असाच गाळ असते. त्यातही एक गंमत अशी की, २०१२ च्या विंडोज ८ पासून 'शट डाऊन' केले तरी यंत्र सहसा पूर्ण कोरे होत नाही. पुढच्या वेळी चटकन उघडावे म्हणून ते थोडी आठवण चकतीवर ठेवते. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'ने होते.

काही यंत्रांनी जागे राहिलेच पाहिजे. रुग्णालयातली, रेल्वेच्या सिग्नलची, खुद्द वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षातली यंत्रे झोपली तर अनर्थ होईल. त्यांचे जागरण म्हणजे पहारा आहे. ज्याच्यापुढे कुणी बसलेले नाही आणि ज्याच्यावर कसले काम सोपवलेले नाही, त्या यंत्राच्या जागरणाला पहारा म्हणता येत नाही. तो निव्वळ निष्काळजीपणा आहे.

तेव्हा माझे मत असे. घटकाभर उठायचे असेल तर काम साठवून डुलकी. दिवसाचे काम संपले की बंद. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि मृगाच्या विजा कडाडू लागल्या की, भिंतीवरचे बटन बंद करून प्लगसुद्धा काढलेला बरा.

परिचर काकांना दोष देण्यात अर्थ नाही. वीस संगणक एकट्याने बंद करण्याचे काम त्यांचे नाहीच. जो शेवटी उठला त्याचे ते आहे. आम्ही सहा मैत्रिणींनी जूनपासून पाळी लावून घेतली आहे. पाच वाजता आमच्यापैकी एकजण कक्षात जाते आणि सुरू असलेले संगणक बंद करते. दहा मिनिटे लागतात. प्राध्यापकांना विनंती एवढीच की, 'वरून तसेच सांगितले आहे' हे वाक्य खोडून तेथे 'बंद करून जावे' असे लिहून द्यावे.

बाबांना मी हे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या कॉलेजात रात्री कोणी नसते, तरी लाईन असते का?" मला उत्तर देता आले नाही.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष