रक्त वाईट नसते

वर्षावासाचे दिवस होते. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत विहारातले ग्रंथवाचन आटोपले आणि चहा फिरू लागला. तेवढ्यात एक वयस्कर आत्या आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या भाच्याचे लग्न ठरत आले होते. मुलगी मूळची चंद्रपूरकडची, वडील नोकरीनिमित्त मुंबईत स्थायिक झालेले. मुलगी शिकलेली, बोलायला गोड. देणेघेणे नाही, मानपान नाही, सगळे जुळले होते. मुलीकडच्यांनी मात्र प्रामाणिकपणे सांगितले की मुलीच्या रक्ततपासणीत 'एएस' असे आले आहे. आणि इथेच घोडे अडले.

"पोरगी बरी हाय हो भाऊ, पन रक्त वाईट हाय म्हनतात," आत्या हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या पोरंबाळं कशी व्हायची? आमच्या घरात असलं कधी न्हवतं."

आम्ही विचारले, "मुलाची तपासणी केलीत का?"

"त्याची कशाला? चांगला धडधाकट हाय. महाडला एमआयडीसीत तिन्ही पाळ्या करतो."

वाचक बंधू-भगिनींनो, या दोन वाक्यांत दोन चुका आहेत. एक म्हणजे 'वाईट रक्त' हा शब्द. दुसरी म्हणजे तपासणी फक्त मुलीची करायची ही समजूत. त्या दिवशी चहा थंड होईपर्यंत आम्ही आत्यांशी जे बोललो, तेच आज या सदरात मांडत आहोत.

'एएस' म्हणजे काय? आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. मधोमध अंगठ्याने दाबलेल्या गोल चकतीसारखा त्यांचा आकार असतो. त्यांच्यातील हिमोग्लोबिन हे द्रव्य फुफ्फुसातला प्राणवायू अंगभर पोहोचवते. काही माणसांत हे हिमोग्लोबिन थोडे वेगळे असते. प्राणवायू सोडला की ते एकमेकांना चिकटते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून हा सिकलसेल आजार. कशेडीचा बोगदा होण्यापूर्वी घाटात एखादा ट्रक आडवा झाला की पोलादपूरपर्यंत रांग लागायची, हे आपण सर्वांनी भोगले आहे. तसेच या विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत आडव्या होतात. पुढे रक्त जात नाही. हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. या पेशी लवकर फुटतात, म्हणून अंगात रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. लहान मुलांना जंतुसंसर्ग पटकन होतो.

हे सारे कशामुळे? फक्त एका अक्षरामुळे. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपाने एक ग्रंथ असतो. तो सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे आणि त्याची अक्षरे चारच आहेत. हा ग्रंथ वाचून काढण्याचे जगभरातील शास्त्रज्ञांचे मोठे काम २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, आणि राहिलेल्या गाळलेल्या जागा २०२२ पर्यंत भरल्या गेल्या. या एवढ्या ग्रंथात हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका जागी 'ए' ऐवजी 'टी' पडला, की सिकलचे हिमोग्लोबिन तयार होते.

याचा शोध टप्प्याटप्प्याने लागला. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहून तसे लिहून ठेवले. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. काही वर्षांनी व्हर्नन इंग्रॅम यांनी त्या लांब साखळीतील नेमकी सहावी कडी बदललेली आहे, हे शोधून काढले. कोणाची करणी नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही, देवीचा कोप नाही. एक अक्षर बदलले, एवढेच.

आता लग्नाचा हिशेब. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती नेहमीच्या असतील तर माणूस 'एए'. एक नेहमीची आणि एक सिकलची असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असतील तर 'एसएस', म्हणजे आजारी. वाहक माणूस रोगी नसतो. तो शेतात राबतो, कारखान्यात पाळी करतो, संसार करतो. तपासणी केली नाही तर आपण वाहक आहोत हे त्याला जन्मभर कळतही नाही. म्हणजे धडधाकट दिसणे हा पुरावा नव्हे.

एक जण 'एएस' आणि दुसरा 'एए' असेल तर त्यांच्या मुलांना सिकलसेल आजार होत नाही. फार तर काही मुले वाहक होतील. दोघेही 'एएस' असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची, चारांत दोन वाहक मुलाची आणि चारांत एक पूर्ण निरोगी मुलाची असते. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असे नसते. आणि नीट पाहा, आजारी मुलाला एक प्रत आईची असते तशी एक बापाची असते. तरी किती घरांत सुनेलाच बोल लावला जातो! आमच्या भगिनींनी हे आजवर निमूटपणे सोसले आहे.

आत्यांचा पुढचा प्रश्न मोलाचा होता. "एवढा वाईट रोग, तर मग तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा?"

याचे उत्तर डासात आहे. हिवताप, म्हणजे मलेरिया, डासामुळे पसरतो. हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबादेत, १८९७ साली दाखवले. हिवतापाचा जंतू माणसाच्या तांबड्या पेशीत शिरून वाढतो. तांबड्या पेशींचे काही रक्तदोष हिवतापापासून राखण करत असावेत, असा विचार जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९४९ साली थॅलेसेमियाबद्दल मांडला होता. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिले. सिकलसेलच्या बाबतीत १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील मुलांच्या तपासण्यांवरून दाखवले की वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते. वाहकाच्या पेशीत जंतू शिरला तरी नीट वाढत नाही, आणि अशा पेशी शरीर लवकर काढून टाकते. वाहकाला हिवताप होतच नाही असे नाही. पण जीवघेण्या हिवतापातून वाहक मूल वाचण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते.

आता विचार करा. ज्या जंगलपट्टीत दर पावसाळ्यात हिवतापाने लेकरे दगावत, तिथे 'एए' मुलाला हिवतापाचा धोका आणि 'एसएस' मुलाला सिकलचा. 'एएस' मूल दोन्हींतून वाचे, मोठे होई आणि आपली ती प्रत पुढच्या पिढीला देई. शेकडो पिढ्या असे चालले आणि त्या भागात ते अक्षर पसरत गेले. उत्क्रांती म्हणतात ती हीच. तिला कोणी चालवत नाही. जो जगतो आणि ज्याची मुले जगतात, त्याचे अक्षर पुढे जाते. म्हणून आम्ही आत्यांना सांगितले, "त्या मुलीच्या रक्तात जे आहे ते वाईट रक्त नव्हे. तिचे आजे-पणजे हिवतापातून वाचले, त्याची ती खूण आहे."

महाराष्ट्रात हे अक्षर मुख्यतः विदर्भात आणि सातपुड्यात सापडते. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलवर लिहिले, तेव्हापासून ते नोंदीत आहे. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासींत ते आहे आणि विदर्भातील आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. कुणबी, तेली अशा समाजांतही ते आढळले आहे. डास जात विचारून चावत नाही. आपल्या महाड-पोलादपूरकडे हे नाव कमी ऐकू येते. पण आता आपल्या मुलांची लग्ने मुंबई-पुण्याच्या वधू-वर मेळाव्यांतून नागपूर-चंद्रपूरपर्यंत होत आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे.

मग डास जात विचारत नाही तर हे अक्षर काही समाजांतच का साचून राहिले? कारण लग्ने जातीतच, पोटजातीतच झाली. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म नेमके इथेच दाखवले होते. आपल्याच गटात लग्न करण्याचे बंधन, हाच जातिसंस्थेचा प्राण. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१३ साली, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले निरनिराळे लोक एकमेकांत मिसळत होते. पुढे ती मिसळण थांबली आणि गटागटांत कुंपणे पडली. म्हणजे कुणाचेही रक्त 'शुद्ध' नाही. आणि कुंपणाच्या आत दोष साचत जातात, मग ते कुंपण कोणत्याही जातीचे असो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्या जुन्या चालीचाही या दृष्टीने विचार करायला हवा. मात्र जातीबाहेर लग्न केले म्हणजे तपासणी नको, असेही नाही. थॅलेसेमियाचे वाहक भारतात साधारण शंभरात तीन ते चार आहेत आणि ते सर्व समाजांत आहेत. एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी मूल आजारी होऊ शकते.

म्हणून करायचे काय? पत्रिका पाहणे आपण सोडले, ते बरे केले. तिच्या जागी रक्ताचा कागद पाहा, आणि दोघांचाही पाहा. पहिली साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पण तिच्यावरून 'एएस' की 'एसएस' हे कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. आपल्या आरोग्य केंद्रात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात याच विषयाची राष्ट्रीय संस्था आहे.

दोघेही वाहक निघाले तर? तर लग्न करायचे की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचे, गावकीने नव्हे. केले तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे. गर्भाच्या रक्तदोषाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात कायद्याने करता येते. गर्भलिंग पाहणे मात्र गुन्हाच आहे. आणि घरात 'एसएस' मूल असेल तर हाय खाऊ नका. भरपूर पाणी, उन्हातान्हात आणि थंडीत जपणूक, वेळेवर लसी, फॉलिक अ‍ॅसिड, डॉक्टर सांगतील त्यांना हायड्रॉक्सियुरिया, आणि ताप आला की अंगारा न लावता थेट दवाखाना. एवढ्यानेही आयुष्य पुष्कळ सुधारते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तो हक्क घ्यावा. जनुकांत बदल करणारा उपचार २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. कामगाराच्या घरापर्यंत तो यायला हवा, ही मागणीही आपणच करायची आहे.

आत्या सगळे ऐकून गप्प बसल्या. आम्ही शेवटी एवढेच म्हणालो, "आत्या, आपण महाडच्या मातीतली माणसे. २० मार्च १९२७ ला आपल्या आज्या-पणज्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा पाणी बाटले म्हणून ओरड झाली आणि तळ्याची शुद्धी करण्यात आली. ज्यांना 'तुमच्या स्पर्शाने पाणी बाटते' म्हणून हिणवले, त्यांनीच आज एका लेकीला 'तुझे रक्त वाईट' म्हणायचे का?"

पंधरवड्याने आत्यांचा फोन आला. भाच्याने तपासणी करून घेतली होती, कागदावर 'एए' होते. बोलणी पुन्हा सुरू झाली. पण आम्हाला खरा आनंद त्यांच्या पुढच्या वाक्याचा झाला. त्या म्हणाल्या, "आता नातीची पन करून घेते. उद्या तिला कोनी नावं ठेवायच्या आधी आपल्यालाच ठावं असलेलं बरं."