दोन साक्षीदारांचें गणित

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ दुधाळा म्हणून गांव आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा तेथें व्हावयाची असून, एप्रिल २०२३ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें तिच्यासाठीं सुमारें २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेंत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथें अशा दोन वेधशाळा आहेतच. मग आणखी एक कशाला? लहर आकाशाच्या कोणत्या भागांतून आली हें नीट ठरावें, हा मुख्य लाभ. परंतु मुळांत एकीनें कां भागत नाहीं, ह्याचें उत्तर घरच्या पाटीवर काढतां येतें.

यंत्राची प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांब, आणि मोजावयाचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनहि बारीक! जवळून मालमोटार गेली तरी यंत्र दचकावयाचें. तेव्हां यंत्रानें हांक दिली असतां लहर खरोखर आली असण्याचा संभव किती?

आंकडे सोईसाठीं कल्पूं. १०,००० क्षणांपैकीं १० क्षणीं लहर येते; यंत्र त्यांतील ९ ओळखतें. उरलेल्या ९,९९० क्षणांत तें शंभरांत एकदां, म्हणजे सुमारें १०० वेळां, उगीच ओरडतें. पुष्कळजण उत्तर देतात, ‘शंभरांत नव्याण्णव.’ तें साफ चूक. एकंदर हांका १०९, खऱ्या ९. म्हणजे जेमतेम बारांत एक. ‘लहर नसतां हांक येणें’ आणि ‘हांक आली असतां लहर नसणें’ ह्या भिन्न गोष्टी आहेत. दुर्मिळ रोगाच्या तपासणीचा कागद हातीं येतांच धीर सोडणारी मंडळीहि त्या एकच समजतात.

आतां दोन्ही यंत्रें एकदम ओरडलीं तरच मानावयाचें. खऱ्या १० पैकीं सुमारें ८ टिकतात. खोट्या शंभरांपैकीं मात्र एकच उरते. नवांत आठ खऱ्या! अट एवढीच कीं, दोघांच्या चुका परस्परांवर अवलंबून नसाव्यात. म्हणून यंत्रें सुमारें ३,००० किलोमीटर दूर ठेविलीं. एक मालमोटार दोघांना फसवूं शकत नाहीं. ओसरीवर बसून जबानी जुळवून आलेले दोन साक्षीदार गणितांत एकच धरावे लागतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं टिपलेली पहिली लहर आधीं लिव्हिंग्स्टनला व सुमारें ७ सहस्रांश सेकंदांनीं हॅनफर्डला पोंचली.

दुधाळ्याचें यंत्र ह्या दोघांस मिळाल्यावर तिघांची एकमुखी हांक कितपत खरी, तें वाचकांनीं ह्याच आंकड्यांवरून काढावें. आणि तिघांचा आग्रह धरल्यानें खऱ्या लहरींपैकीं किती हातच्या जातात, तेंहि.