थंडी जाडीने अडत नाही, वारा अडवल्याने अडते

दर हिवाळ्यात दिल्ली-लखनौच्या धुक्यात लाखो दुचाकीस्वार स्वेटरवर स्वेटर चढवून निघतात आणि तरीही कुडकुडतात. विज्ञानवार्ता मात्र वेगळ्याच उंचीवर रमलेल्या असतात. इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे सिलिका एअरोजेल आले, तेव्हा सियाचिनच्या जवानांच्या कपड्यांची चर्चा झाली. डिसेंबर २०२१मध्ये डीआरडीओने उणे ५० अंशांपर्यंतच्या त्रिस्तरीय पोशाखाचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना दिले, त्याचेही कौतुक झाले. ही कामे मोलाचीच आहेत. पण त्यांच्या वार्तांकनातून वाचकाच्या मनात एक खुळी समजूत रुजते, की ऊब म्हणजे एक तर जाडी, नाही तर एखादा महागडा अद्भुत पदार्थ.

ऊब लोकर देत नाही. लोकरीत अडकलेली स्थिर हवा देते. तिची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विन, खुद्द लोकरीच्या तंतूची याहून कितीतरी अधिक. सारी मदार ‘स्थिर’ या विशेषणावर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात छातीवर हवेचा सुमारे १७० पास्कल दाब पडतो आणि तो विणीच्या भोकांतून ही हवा हुसकावून लावतो. त्यावर दुसरा स्वेटर चढवणे म्हणजे जाळीवर जाळी टाकणे.

अमेरिका आणि कॅनडा २००१पासून वापरत असलेल्या शीतवात-सूत्रानुसार ५ अंश तापमान आणि हा वेग एकत्र आले, की उघड्या त्वचेला उणे २ अंशांसारखे वाटते. (सूत्रातला वारा दहा मीटर उंचीवर मोजलेला असतो आणि चेहऱ्यापाशी तो मंद धरला जातो. दुचाकीस्वाराला ती सवलत नाही, म्हणजे प्रत्यक्षात थंडी याहून कडकच.)

यावरचा उपाय कमालीचा साधा आहे: अंगालगत एक लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत बाहेर वारा न शिरणारे पातळ नायलॉन, गळा व मनगटे घट्ट बंद. क्रम उलटला, म्हणजे विंडचीटर आत आणि स्वेटर बाहेर, तर स्वेटर वाया गेला. छातीशी वर्तमानपत्र घालून निघणाऱ्या जुन्या स्वारांना हे पुस्तकाविना उमगले होते. बोटांचेही तसेच. धड गारठले की शरीर हातांचा रक्तपुरवठा आखडते. मग हातमोजा कितीही जाड असो, ब्रेक दाबणारी बोटे बधिर होतात. म्हणून आधी छाती राखावी आणि हँडलला रेक्झिनची आवरणे चढवावीत. दिसायला ती गबाळी असतात, पण काम चोख करतात.

अडचण आहे ती घामाची. घरपोच सेवा देणारा मुलगा चार जिने चढून घामेजतो आणि लगेच वाऱ्यात बसतो. त्याला वाफ बाहेर सोडणारे कापड हवे, आणि खरे संशोधन स्वस्त दरात तिथे हवे. देशातल्या नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी असताना हा प्रश्न किरकोळ ठरतो, ही विज्ञानाची नव्हे, प्राधान्यक्रमाची मर्यादा आहे.

हेल्मेटवर जून २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. जॅकेटवर मात्र ‘उणे २०’ असे बेधडक छापता येते. किती वाऱ्यात? किती तास? चालताना की बसून? कापडाचा उष्णतारोध आणि त्यातून किती हवा पार जाते, या दोन्ही गोष्टी वस्त्र-प्रयोगशाळेत नित्य मोजल्या जातात. तेवढे दोन आकडे लेबलावर छापायला कोणत्याही एअरोजेलची गरज नाही.