पालकसभेला तुम्हीच जा!

"मला काय कळतंय त्यातलं? आमचे हे जातील." पालकसभेचं नाव काढलं की नांदेड-लातूरकडच्या कितीतरी जणी असंच म्हणतात. मीही म्हणायचे. निकालाच्या दिवशी तेवढी शाळेत जायचे आणि घरी येऊन लेकाला मार्कांवरून बोलायचे.

दहावीनंतर 'लातूर पॅटर्न'साठी आपण मुलांसोबत खोली करून राहतो, डबे करतो. पण मूल पहिलीत असताना आपण शाळेपासून लांबच!

२०२२ मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' अभियान सुरू झालं. पहिलीत येणाऱ्या मुलांचे मेळावे शाळेत भरले, गावोगावी मातागट झाले. कडधान्यं निवडताना रंग-आकार ओळखणं, भाकरी मोजणं, गोष्ट सांगणं... यासाठी आई शिकलेलीच हवी असं कुठंय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान पाऊण हिस्सा पालकांना दिलाय, आणि निम्म्या जागा महिलांना. ती जागा नुसत्या सहीपुरती ठेवायची का?

मैत्रिणींनो, पुढच्या सभेला तुम्हीच जा. तिथं मार्क विचारण्याआधी एवढंच विचारा, "माझं लेकरू वर्गात बोलतं का हो?" मी विचारलं, तेव्हा माझा लेक मला नव्यानं कळला.