मुशीत जाणारा इतिहास

चांदीचा भाव 2025 साली किलोला एक लाख रुपयांच्या पुढे गेला तेव्हा त्याची चर्चा लग्नसराई आणि गुंतवणूक एवढ्यापुरतीच झाली. जळगावच्या सराफ बाजारात काय किंवा धुळ्याच्या पेठेत काय, भाव चढला की घराघरांतील जुनी चांदी बाहेर पडते, हा अनुभव नवा नाही. तुटलेले वाळे, झिजलेली जोडवी, देवघरातील चेपलेली निरांजने यांच्याबरोबर एखाद्या पुरचुंडीतून राणीछाप रुपयेही तराजूत पडतात. वाळे आणि निरांजने मोडीत गेल्याने फारसे काही बिघडत नाही. रुपया मोडीत गेला तर काय बिघडते, याचा विचार मात्र विकणाऱ्याने, घेणाऱ्याने आणि सरकारने, तिघांनीही केलेला दिसत नाही.

हिशेब अगदी सरळ आहे. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा ठरवले आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी घातली. वजनाचे माप म्हणून ‘रुपयाभार’ हा शब्द घरोघर रूढ झाला तो यामुळे. अशा एका रुपयात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी असते. लाखाच्या भावाने ती हजार रुपयांवर जाते. सामान्य राणीछाप रुपयाला नाण्यांचा छंदिष्ट जो भाव देतो तो धातूच्या किमतीच्या फारसा वर नसतो. तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी किंवा बी-बियाण्यासाठी पैसे हवे असलेल्या माणसाने छंदिष्ट शोधत हिंडावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तो जवळच्या सराफाकडे जाणार, आणि त्यात त्याचा दोष काढता येणार नाही.

खानदेशात हा रुपया एवढा आला कसा, याचे उत्तर बऱ्याच अंशी कापसात आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मागणी हिंदुस्थानकडे वळली. जळगाव ही कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपाला आली ती याच वर्षांत. कापूस मुंबईकडे गेला आणि चांदी इकडे आली. ज्याला बँक ठाऊक नव्हती त्या शेतकऱ्याने रुपयाला डाग देऊन कडी बसवली व त्याचा हार केला, नाही तर मडक्यात भरून तो जमिनीत पुरला. आजही लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडले जाणारे अनेक रुपये 1862 सालचे असतात. त्या सर्व रुपयांची टाकसाळीतील जन्मतारीख 1862 नव्हे, ही त्यातील मौज आहे. नाण्यावरचे हे साल पुढे 1874 पर्यंत बदललेच गेले नाही. मुंबई टाकसाळीच्या रुपयांवर सालाच्या आसपास जे बारीक ठिपके दिसतात ते मोजून खरे वर्ष ठरवण्याचा खटाटोप अभ्यासक करत आले आहेत. चिंच आणि राख लावून दर दिवाळीला रुपया घासणाऱ्या घरात हे ठिपके सर्वांत आधी नाहीसे होतात.

येथे कोणी म्हणेल की, नाणे आटवणे हा काही नवा अधर्म नाही. ते खरेच आहे. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेने 1918 मध्ये खास कायदा करून आपले सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांपैकी 25 कोटींहून अधिक नाण्यांची चांदी ब्रिटिशांना हिंदुस्थानसाठी विकली. पंचम जॉर्जच्या त्या काळातील रुपयांत अमेरिकेतील डॉलर मिसळलेले आहेत. पुढे 1940 मध्ये सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, जुने चांगल्या कसाचे रुपये टप्प्याटप्प्याने परत घेतले आणि 1947 मध्ये चांदी पूर्ण काढून निकेल आणले. राज्यकर्ते नेहमीच नाणी आटवत आले आहेत. पण टाकसाळीत आटणाऱ्या नाण्यांची निदान मोजदाद होते. सराफाच्या मुशीत जाणारे नाणे कोणत्या गावचे, कोणाबरोबर सापडलेले, याची कोठेही नोंद राहत नाही. आणि इतिहासाच्या दृष्टीने नाण्याचे निम्मे मोल त्या नोंदीत असते.

नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 1906 साली सापडलेला साठा यासाठी आठवावा. क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी त्यात होती, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाच्या मुद्रेवर विजेत्याने आपली मुद्रा उमटवली, आणि तीही इतक्या प्रचंड संख्येने, हे कळले म्हणून सातवाहन-क्षत्रप संघर्षाचा निकाल निःसंशय झाला. यातले एखादे नाणे सुटे हाती आले असते तर त्याला फार तर चमत्कारिक म्हटले गेले असते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिलेच्या साठ्यांतील आहत नाणी एकेक करून तोलली आणि हाताळणीने नाणे किती झिजते याच्या गणितावरून त्यांचा कालक्रम लावण्याची पद्धत घालून दिली. तिलाही अखंड साठा लागतो. विखुरलेल्या, घासलेल्या नाण्यांपुढे गणित निरुपाय होते.

खानदेशाच्या मातीत अशी सामग्री कमी नसावी. कलचुरी कृष्णराजाचे सहाव्या शतकातील छोटे रुपक नाशिककडच्या भागात सापडले आहेत. ते इतके टिकाऊ ठरले की, आठव्या शतकाच्या आरंभीच्या अंजनेरी ताम्रपटातही त्यांचे नाव येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची हकीकत आहे, आणि त्या आजोबांची ‘लीलावती’ सुरू होते तीच मुळी नाण्यांच्या कोष्टकाने: किती कवड्यांची काकिणी, किती पणांचा द्रम्म. अकबराने 1601 मध्ये अशीरगड घेतल्यावर बऱ्हाणपूरच्या टाकसाळीतून मोगली रुपये पडू लागले. होळकरांच्या अमलातील चांदवडी रुपया तर या बाजूच्या जुन्या हिशेबांत पावलोपावली भेटतो. चाळीसगाव, पारोळे, शिरपूर येथील एखाद्या पडक्या वाड्याचा पाया खणताना यांतले काय वर येईल, हे कोणी सांगावे?

ते वर आले म्हणजे कायदा काय करतो? गुप्तधनाचा कायदा 1878 चा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवले पाहिजे, न कळवल्यास शिक्षा. मग जाहीरनामा, चार ते सहा महिन्यांची मुदत, चौकशी. मालक न निघाल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक जागेच्या धन्याला. सरकारला ते धन हवे असेल तर त्याने धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, एवढीच तरतूद मूळ कायद्यात आहे. नहपानाचे नाणे असो की कोऱ्या चांदीचा तुकडा, मोबदला एकच! अशा कायद्याने खणणारा मजूर कचेरीची पायरी चढेल असे ज्यांना वाटले, त्यांना मजुराची ओळख नसावी. तो रातोरात साठा वाटून घेतो आणि चार गावच्या चार दुकानांत विकतो. मोबदला नाण्याच्या ऐतिहासिक मोलावर ठरवण्याची तरतूद झाल्याखेरीज हे थांबणार नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी परवान्यावाचून परदेशी नेण्यास बंदी घातली हे योग्यच झाले. पण आधी नाणे मुशीतून वाचले तर ना!

कायदा बदलेपर्यंत आशा आहे ती छंदिष्टांची. जळगाव-धुळ्यात शाळामास्तर, बँकेतील कारकून, एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक अशी माणसे पगारातून चार पैसे वाचवून नाणी जमवतात आणि नवे काही मिळाले की एकमेकांना दाखवायला नेतात. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. प्रत्यक्षात तेथे जे घडते ते एखाद्या विद्यापीठीय चर्चासत्रात क्वचितच घडत असेल. एक जण जॉर्जचा रुपया काढतो. दुसरा भिंग घेऊन खालच्या कमळाजवळ टिंब शोधतो, कारण टिंब असेल तर नाणे मुंबईचे आणि नसेल तर कलकत्त्याचे. तिसरा 1911 च्या रुपयाची गोष्ट सांगतो: राजाच्या अंगरख्यावरील साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारला ते रुपये मागे घ्यावे लागले. खोटे नाणेही याच बैठकीत उघडे पडते. कंपनीचे नाव आणि 1818 साल घालून देवादिकांच्या चित्रांचे जे तुकडे बाजारात विकले जातात, तशी नाणी कंपनीने कधीच पाडली नव्हती, हे चार जाणत्यांनी सांगितल्यावर नवखा माणूस फसत नाही. जुन्या नाण्यांना लाखोंची किंमत देऊ करणाऱ्या भामट्यांबद्दल रिझर्व्ह बँकेला 2021 मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला, यावरून अशा बैठकीची उपयुक्तता ध्यानात यावी.

तथापि या मंडळींचाही एक मोठा दोष आहे. नाणे दाखवतील, वजन सांगतील, दुर्मिळता तर हमखास सांगतील. पण ते कोठून मिळाले असे विचारले की विषय बदलतील. विक्रेता दुसऱ्याच्या हाती लागेल ही धास्ती त्यांना गप्प करते. परिणाम असा की, संग्रह वाढतो आणि त्याची माहिती संग्राहकाबरोबर संपते. वारसांना ती नाणी म्हणजे पुन्हा रुपयाभार चांदीच.

धुळ्याने याचे दुसरे उदाहरण पाहिलेले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली तेव्हा वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी जुने कागद वजनावर विकले जात होते. राजवाड्यांनी कागद मिळवून स्वतःच्या पेटीत ठेवले नाहीत. ते कोठे, कोणाकडे मिळाले याच्या हकिकतीसह छापून लोकांपुढे टाकले. 1926 च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवले. दोन्ही जिल्ह्यांतील संग्राहकांनी आपल्या नव्या नाण्यांची वजन, छायाचित्र व गाव यांसह एक सामाईक वही ठेवली आणि ती अशा संस्थेच्या हवाली केली, तर विक्रेत्याचे नाव गुप्त ठेवूनही काम होईल. गावाचे नाव सांगितल्याने कोणाचा धंदा बुडत नाही.

सराफांची मदत त्याहून सोपी आहे. मोड घेताना ते वजन करतातच, कस पाहतातच. पावतीवर नाण्यांचा वेगळा आकडा व गाव लिहायला आणि मुशीत टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे छायाचित्र फोनवर घ्यायला पाच मिनिटे पुरतात. एखादे वेगळे नाणे दिसले तर आठवडाभर थांबून संग्राहकाला बोलावता येईल, आणि त्यात सराफाला मोडीपेक्षा चार पैसे अधिकच मिळतील. छंदिष्टांनी ही विनंती घेऊन पेठेत जावे. धनत्रयोदशीच्या गर्दीत कोणाला ऐकायला सवड नसते. त्याआधीच गेलेले बरे.