कंठस्थ गीताचा धीर

प्रार्थनेचीं गीतें पाठ करण्यांत जो वेळ जातो, तो अभ्यासास दिला तर अधिक बरें, असा विचार कांहीं पालकांच्या व पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत येत असतो. पुस्तक हातांत असतां पाठांतराचें प्रयोजन काय? या शाळेंत विद्यार्थी असतां माझेंही मत हेंच होतें. प्रार्थनेच्या वेळीं ओठ हालत, पण लक्ष घड्याळाच्या कांट्याकडे असे. तें मत कां पालटलें, तें येथें सांगावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझे वडील दुखण्यानें अंथरुणास खिळले. इस्पितळांत त्यांच्या उशाशीं बसून मीं तीन रात्री काढल्या. तिसऱ्या रात्रीं प्रार्थना करूं म्हटलें, तर शब्द सुचेनात. शास्त्र उघडावें, तर दिवे मालविलेले. पहांटेच्या सुमारास व्हरांड्यांत फरशी पुसणाऱ्या एका बाईचें गुणगुणणें कानीं आलें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें एक भजन ती म्हणत होती. शाळेंत मीं शेंकडों वेळां म्हटलेलें. पुढचें कडवें माझ्या तोंडीं आपोआप आलें. वडिलांनीं डोळे मिटूनच बोटांनीं ताल धरला. दुखणें हटलें नाहीं, आठ दिवसांनीं ते गेलेच; परंतु त्या पहांटेपासून रोज एक गीत आम्ही दोघे म्हणत असूं, आणि भीति तेवढी ओसरली होती. त्या बाईस मात्र याची वार्ताही नव्हती.

फिलिप्पै येथील तुरुंगांत पौल व सीला यांचे पाय खोड्यांत अडकविलेले होते. पाठ छड्यांच्या मारानें सोललेली होती. अशा स्थितींत मध्यरात्रीं ते गीतें गाऊं लागले. प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायांत लूक येथें एक लहानशी गोष्ट नमूद करितो: इतर बंदिवान तें ऐकत होते. भूमिकंप मागाहून झाला. धीर त्यापूर्वींच कोठडी-कोठडींत पोंचला होता.

रे. टिळकांनीं (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्ति अभंगाच्या वळणावर आणिली, ती केवळ विद्वानांकरितां नव्हे. ज्यास अक्षरओळख नाहीं, त्यासही अभंग स्मरणांत ठेवतां येतो. जात्यावर, शेतांत, वाटेवर तो सोबत करितो. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें, तें ज्यांनीं शाळेचें तोंडही पाहिलें नव्हतें, त्या लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. एकाच्या कंठांतलें गीत दुसऱ्याच्या कंठांत जातें, तें असें.

नुसत्या तोंडच्या गाण्यांत अर्थ नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदींच खोटा नाहीं. मंदिरांत प्रेमाचें गीत गाऊन घरीं येतांच जो धाकट्या भावावर खेंकसतो, त्याचें गीत उंबऱ्याबाहेरच राहिलें म्हणावयाचें. परंतु यावर उपाय गाणें सोडणें हा नव्हे. पेंवांत धान्य भरतांना भूक लागलेली नसते. म्हणून कोणी शहाणा पेंव रितें ठेवीत नाहीं. आज ज्या शब्दांचा अर्थ उमगत नाहीं, ते दुःखाच्या दिवशीं स्वतःच आपला अर्थ सांगतात. मात्र ते आधीं आपल्याजवळ असावे लागतात.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेस जें पाठ कराल, त्यांतील बरेंच पुढें विसराल. या वर्षीं निदान पांच गीतें अशीं पाठ करा कीं, अंधारांतही तीं म्हणतां येतील. पालकांसही नम्र विनंती आहे कीं, दिवेलागणीनंतर घरांतील सर्वांनीं मिळून एक तरी गीत म्हणावें. आवाज गोड नसला तरी चिंता नाहीं. भिंतीपलीकडे कोण जागें आहे, हें आपणांस ठाऊक नसतें.